इन्सुलिन कधी थांबवायचं हे ज्या पेशीला कळतं

१९९१ साली डग्लस मेल्टन हे हार्वर्ड विद्यापीठात बेडकांच्या अंड्यांवर काम करणारे जीवशास्त्रज्ञ होते. एकाच गोल अंड्यातून निघालेल्या पेशींपैकी कोणी कातडी व्हायचं आणि कोणी आतडं, हे ठरतं कसं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या वर्षी त्यांचा सहा महिन्यांचा मुलगा सॅम आजारी पडला. रुग्णालयात नेल्यावर निदान झालं टाइप वन मधुमेहाचं. मेल्टन यांनी हळूहळू बेडूक बाजूला ठेवले आणि स्वादुपिंड हातात घेतलं. दहा वर्षांनी, २००१ मध्ये, त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीचं, एमाचंही तेच निदान झालं.

टाइप वन मधुमेह ‘बरा करणं’ म्हणजे नेमकं काय आणि ते इतकं अवघड का, हे मेल्टन यांच्या कामाच्या मागोमाग गेलं की छान उलगडतं. म्हणून हा लेख त्यांच्या वाटेनं जाणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगून टाकते. टाइप वन गोड खाण्यानं होत नाही. लाडानं होत नाही, आईच्या हातून काही चुकलं म्हणूनही होत नाही. ज्या घरात हा आजार येतो तिथले आई-वडील वर्षानुवर्षं मनातल्या मनात स्वतःची चूक शोधत बसतात. ती चूक तिथे नसतेच.

जठराच्या मागे आडवं पडलेलं स्वादुपिंड बहुतांशी पाचकरस बनवण्याच्या कामात असतं. १८६९ मध्ये पॉल लँगरहॅन्स या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काही निराळ्याच पेशींचे पुंजके दिसले. ते कशासाठी आहेत हे त्याला सांगता आलं नाही. आज त्यांना लँगरहॅन्सची बेटं म्हणतात. माणसाच्या स्वादुपिंडात अशी दहा लाखांच्या आसपास बेटं असतात, पण सगळी मिळून वजन भरतं स्वादुपिंडाच्या जेमतेम एक-दोन टक्के. या बेटांमधल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, आणि शरीरात हे काम करणारं दुसरं कोणी नाही.

टाइप टू मधुमेहात, निदान सुरुवातीला, इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. टाइप वनची गोष्ट वेगळी आहे. इथे शरीराची संरक्षणयंत्रणाच बीटा पेशींना शत्रू समजते. जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी बेटांमध्ये शिरतात आणि बीटा पेशी टिपून मारतात. शेजारच्या, दुसरी संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींना त्या सोडून देतात. हे महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षं, गुपचूप चाललेलं असतं. मूल सारखं पाणी मागायला लागतं, अंथरूण ओलं करायला लागतं, वजन उतरतं, तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात येतं. तोवर बहुतेक बीटा पेशी निकामी झालेल्या असतात.

शंभर वर्षांपूर्वी यानंतर मृत्यूच होता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचं इंजेक्शन दिलं गेलं. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांच्या त्या अर्कातली अशुद्धता त्यांचे रसायनतज्ज्ञ सहकारी कॉलिप यांनी पुढच्या बारा दिवसांत कमी केली, २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिलं, आणि या वेळी मुलाची साखर उतरली. लेनर्ड पुढे तेरा वर्षं जगला. त्याच्यानंतर जगलेल्यांची तर मोजदाद करता येणार नाही.

मग प्रश्न सुटला की! इन्सुलिन मिळालं, टोचून घ्यायचं, झालं. टाइप वन असलेल्या माणसांना हे वाक्य आयुष्यभर ऐकावं लागतं, म्हणून इथे जरा थांबू या.

इन्सुलिन बनवणं हे बीटा पेशीचं अर्धंच कसब आहे. कधी सोडायचं, किती सोडायचं आणि मुख्य म्हणजे कधी थांबायचं, हे उरलेलं अर्धं. रक्तातली साखर वाढली की ती बीटा पेशीच्या आत शिरते आणि जळते. त्यातून मिळालेल्या ऊर्जेमुळे पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारं बंद होतात. त्यानं पेशीवरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची दारं उघडतात, आणि कॅल्शियम आत आलं की इन्सुलिननं भरलेल्या इवल्या पिशव्या पेशीच्या कडेला येऊन रिकाम्या होतात. हा सगळा खेळ काही मिनिटांचा. साखर उतरायला लागली की दारं पुन्हा पूर्वीसारखी होतात आणि इन्सुलिन सुटायचं थांबतं. जे रक्तात गेलं असेल तेही टिकत नाही, पाचेक मिनिटांत निम्मं होतं.

इंजेक्शनचं तसं नाही. त्वचेखाली इन्सुलिनचा एक साठा सोडला जातो आणि जलद म्हणवणारं इन्सुलिनसुद्धा तिथून तीन-चार तास झिरपत राहतं. एकदा टोचलेलं परत बोलावता येत नाही. जेवणाच्या वेळी हिशेब बरोबर होता, पण संध्याकाळी मूल नेहमीपेक्षा तासभर जास्त खेळलं. रात्री तीनला साखर मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म वाजतो. पडद्यावर साखर ५४ आणि शेजारी खाली वळलेला बाण. अंधारात मुलाला हलवून उठवायचं, बसतं करायचं, अर्धवट झोपेतल्या त्याच्या ओठांशी ज्यूसचा पेला धरायचा, घोटघोट पाजायचा. पंधरा मिनिटं भिंतीला टेकून थांबायचं. पुन्हा बघायचं. ६१. अजून थोडं थांबायचं. त्या वेळी कुठलाही आकडेमोडीचा तक्ता बीटा पेशीची जागा घेऊ शकत नाही. इन्सुलिन सोडणारा पंप आणि सेन्सर एकमेकांशी बोलायला लागल्यापासून अशा रात्री कमी झाल्या, हे मोठंच सुख आहे. पण पंपाचं इन्सुलिनही त्वचेखालीच जातं.

या दोरीवरच्या कसरतीचा पुरावा १९९३ मध्ये आकड्यांत मिळाला. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ जणांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली तर डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. त्याच अभ्यासात काटेकोर गटातल्या लोकांची साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट झालं. साखर वर ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडं जातात, खाली आणायला गेलं तर शुद्ध हरपते. म्हणून ‘बरं करणं’ याचा खरा अर्थ ज्या पेशीला थांबता येतं ती पेशी परत आणणं.

परत आणायची तर कुठून? एक उत्तर मृत दात्याच्या स्वादुपिंडातून. २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांना दात्यांची बेटं दिली आणि सातही जणांचं इन्सुलिनचं इंजेक्शन सुटलं. पेशी बाहेरून दिल्या तर त्या काम करतात, हे त्या दिवशी सिद्ध झालं. अडचणीही तितक्याच ठळक होत्या. एका रुग्णाला दोन किंवा अधिक दात्यांची बेटं लागत. परक्या पेशी शरीरानं मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायमची घ्यावी लागत. आणि पाच वर्षांनी पाहिलं तर इन्सुलिनशिवाय राहणारे दहा टक्क्यांच्या आसपासच उरले होते. जगात दाते किती आणि टाइप वन असलेली माणसं किती! या वाटेनं सगळ्यांपर्यंत पोचणं कधीच शक्य नव्हतं.

मेल्टन यांचा विचार इथून सुरू होतो. गर्भात बीटा पेशी बनते तेव्हा तिला कोणीतरी क्रमानं निरोप दिलेले असतात: आधी आतड्याच्या वाटेला लाग, मग स्वादुपिंड हो, मग बेटातली पेशी हो. बेडकाच्या अंड्यांत ते याच निरोपांचा अभ्यास करत आले होते. तेच निरोप त्याच क्रमानं माणसाच्या मूळपेशींना, म्हणजे कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या स्टेम सेलना, प्रयोगशाळेत दिले तर? (जाता जाता एक सांगण्यासारखं. १९८४ मध्ये मेल्टन आणि पॉल क्रीग यांनी प्रयोगशाळेत काम करणारा एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणारा रेणू, बनवायची पद्धत मांडली होती. पुढे एमआरएनए लशींच्या पायात तिचा दगड आहे. त्यांना तर तो बेडकांच्या प्रयोगासाठी हवा होता.)

कल्पना सोपी, वाट मात्र खडतर. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी भ्रूणापासून मिळणाऱ्या नव्या मूळपेशींवरच्या संशोधनाला केंद्र सरकारचा पैसा मिळणार नाही असं जाहीर केलं. मेल्टन यांनी खाजगी देणग्यांवर वेगळी प्रयोगशाळा उभी केली. सरकारी पैशातलं एकही उपकरण तिथे वापरायची सोय नव्हती. २००४ मध्ये त्यांच्या गटानं मूळपेशींच्या सतरा नव्या वाणांची माहिती प्रसिद्ध केली आणि ते वाण मागणाऱ्या संशोधकांना देऊन टाकले. घरात दोन मुलं इन्सुलिनवर असताना ही हाती लागलेली सामग्री त्यांनी दडवून ठेवली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

त्यानंतरची वर्षं म्हणजे बहुतेक फसलेल्या प्रयोगांची यादी. पेशी इन्सुलिन बनवायच्या, पण साखर असो वा नसो, सारख्याच. कधी एकाच पेशीतून दोन-तीन संप्रेरकं निघायची. दिसायला बीटा पेशी, वागायला नव्हे. वाटेत एक मोठी चूकही झाली. २०१३ मध्ये त्यांच्या गटानं बीटाट्रॉफिन नावाच्या संप्रेरकामुळे उंदरांत बीटा पेशी झपाट्यानं वाढतात असं प्रसिद्ध केलं. जगभर गाजावाजा झाला. इतरांना मात्र तसा परिणाम दिसेना. मेल्टन यांच्या गटानं दुसऱ्या संशोधकांबरोबर प्रयोग पुन्हा केले, परिणाम टिकत नाही हे मान्य केलं, आणि २०१६ च्या अखेरीस तो शोधनिबंध मागे घेतला. गाजलेलं काम स्वतःच्या हातानं पुसायला लागतं ते धाडस पुरस्कारांच्या यादीत कुठे दिसत नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये मात्र जमलं. अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटलीत गुलाबीसर द्रव, तळाशी फिरणारा चुंबकाचा दांडा, आणि त्या भोवऱ्यात तरंगणारे धुळीच्या कणाएवढे पेशींचे गोळे. चार-पाच आठवडे, सहा टप्पे, प्रत्येक टप्प्याला निराळी रसायनं, ठरल्या दिवशी घालायची आणि ठरल्या दिवशी काढायची. शेवटी त्यात डायथायझोन नावाचा रंग घातला की ज्या गोळ्यांत इन्सुलिन साठलेलं आहे ते लाल होतात. पण खरी परीक्षा रंगाची नव्हतीच. पेशींना आधी कमी साखरेच्या द्रवात ठेवलं, मग जास्त, पुन्हा कमी, पुन्हा जास्त. दर वेळी इन्सुलिन मोजलं. साखर चढली की इन्सुलिन चढत होतं, साखर उतरली की उतरत होतं. थांबता येणारी पेशी शरीराबाहेर घडली होती. त्याच सुमाराला टिमथी कीफर यांच्यासह दुसऱ्या एका गटानंही वेगळ्या कृतीनं जवळपास तिथपर्यंत मजल मारली, हेही सांगायला हवं. अशी कामं एकट्यानं होत नाहीत.

मेल्टन यांनी काढलेल्या कंपनीचं नाव सेमा. सॅम आणि एमा. २०१९ मध्ये व्हर्टेक्स या औषध कंपनीनं ती ९५ कोटी डॉलरना विकत घेतली, आणि २०२१ मध्ये या पेशी पहिल्यांदा माणसाला दिल्या गेल्या. त्या पोटात स्वादुपिंडाजवळ नव्हे, तर यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून सोडतात. त्या यकृतात अडकतात, तिथेच रुजतात. स्वादुपिंडाला हात लावायला गेलं तर त्यातले पाचकरस आसपासचं सगळं पोळून काढतात, म्हणून हा आडमार्ग.

जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष समजून घ्यायला सी-पेप्टाइड हा एक शब्द लागेल. बीटा पेशी इन्सुलिन बनवताना एक मोठी साखळी तोडते. तिचा एक तुकडा इन्सुलिन होतो, दुसरा सी-पेप्टाइड. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो. त्यामुळे रक्तात सी-पेप्टाइड सापडलं म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवतंय. ही त्या पेशीची सहीच. अभ्यासातल्या चौदाही जणांच्या रक्तात सुरुवातीला ही सही नव्हती. साखर खाली गेल्याचं त्यांना जाणवतही नसे आणि ते बेशुद्ध होण्यापर्यंत जात. पेशी दिल्यावर चौदाही जणांत सी-पेप्टाइड दिसू लागलं. बारा जणांना पूर्ण मात्रा, म्हणजे ८० कोटी पेशी, एकाच वेळी दिली होती. वर्ष पूर्ण झालं तेव्हा त्यांतले दहा जण इन्सुलिन अजिबात घेत नव्हते.

दहा जण. हे वाचून डोळे भरून यावेत अशीच ही गोष्ट आहे. आणि तरीही याला ‘बरा झाला’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. अभ्यासाच्या काळात दोघांचा मृत्यू झाला. त्यांतला एक बुरशीमुळे झालेल्या मेंदूज्वरानं, म्हणजे दुबळ्या प्रतिकारशक्तीला गाठणाऱ्या आजारानं. दुसऱ्याचं कारण त्याला आधीपासून असलेला मेंदूचा विकार होतं. ज्याची साखर जीवघेणी खाली जाते अशा माणसासाठी हा सौदा योग्य ठरू शकतो. सहा वर्षांच्या मुलासाठी नाही.

इथेच एक कळकळीची सूचना. अशा बातम्यांच्या आडून ‘स्टेम सेलनं मधुमेह मुळापासून बरा’ म्हणणारे, काढ्यानं इन्सुलिन सोडवणारे लोक घराघरांत पोचतात. टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत, कधी काही तासांतच, रक्त आम्लधर्मी व्हायला लागतं आणि जीव जातो. वरच्या दहा जणांचं इन्सुलिन त्यांच्या रक्तात सी-पेप्टाइड मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केलं गेलं होतं.

तर पेशी घडवण्याचा प्रश्न बराचसा सुटला. उरला तो प्रश्न ज्यानं आजार सुरू झाला तोच. मेल्टन यांच्या पेशीही शरीर मारणारच, दोन कारणांनी. त्या परक्या आहेत हे एक, आणि त्या बीटा पेशी आहेत हे दुसरं. चीनमध्ये रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींपासून बेटं बनवून ती पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाखाली ठेवण्याचा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अडीच महिन्यांत त्या तरुणीचं इन्सुलिन सुटलं. पण तिचं यकृताचं प्रत्यारोपण आधी झालेलं असल्यानं ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतच होती. त्यामुळे दुसऱ्या कारणाचं उत्तर त्यातून मिळालं नाही.

पेशींना जाळीदार डबीत घालून ठेवायचं, म्हणजे साखर आणि इन्सुलिन ये-जा करतील पण टी पेशी आत शिरणार नाहीत, हा उपाय कागदावर सुंदर दिसतो. प्रत्यक्षात शरीर डबीभोवती चिवट पापुद्रा चढवतं आणि आतल्या पेशी गुदमरतात. बीटा पेशींना प्राणवायू भरपूर लागतो. स्वादुपिंडात त्यांच्या वाट्याला वजनाच्या मानानं कितीतरी पट रक्त येतं. व्हर्टेक्सनंही अशी डबी माणसांत वापरून पाहिली. सी-पेप्टाइड पुरेसं मिळेना, म्हणून २०२५ मध्ये तो प्रयोग सोडून दिला.

दुसरीकडून हल्ल्यालाच आवर घालायचे प्रयत्न चालू आहेत. टेप्लिझुमॅब हे औषध टी पेशींचा जोर कमी करतं. ज्यांच्या रक्तात टाइप वनची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) दिसतात आणि साखर नुकती बिघडू लागली आहे, पण आजार अजून उघड झालेला नाही, त्यांना चौदा दिवस ते शिरेतून दिलं तर आजार सरासरी दोनेक वर्षं पुढे ढकलला जातो. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. दोन वर्षं म्हणजे काय मोठंसं, असं म्हणणाऱ्यानं रात्री तीनच्या अलार्मनुसार ती मोजून पाहावीत.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती पेशींचा चेहरा बदलण्याच्या वाटेची. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ओळख सांगणारी प्रथिनं असतात. टी पेशी तीच वाचतात. ती जनुकसंपादनानं काढून टाकली तर टी पेशींना पेशी दिसतच नाही. पण ओळखपत्र नसलेली पेशी दिसली की संरक्षणयंत्रणेतले दुसरे पहारेकरी तिला मारतात. म्हणून ‘मला खाऊ नका’ असा निरोप देणारं सीडी-४७ हे प्रथिन तिच्यावर जास्त प्रमाणात बसवायचं. स्वीडनमधल्या उप्साला इथे पेर-ओला कार्लसन यांच्या गटानं अशा बदललेल्या, दात्याच्या बेटांतल्या पेशी ४२ वर्षांच्या एका माणसाला दिल्या, त्याच्या दंडाखालच्या हाताच्या स्नायूत. प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध दिलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये बारा आठवड्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्या मिश्रणातल्या काही पेशींचं संपादन नीट झालेलं नव्हतं. संरक्षणयंत्रणेनं त्या ओळखल्या आणि मारल्या, म्हणजे ती पूर्ण जागी होती. त्याच हातात, त्यांच्या शेजारीच असलेल्या पूर्ण बदललेल्या पेशींकडे तिनं पाहिलंही नाही. मात्रा मुद्दामच फार लहान ठेवली होती, पेशी सुरक्षित आहेत का एवढंच बघायचं होतं, त्यामुळे तो माणूस इन्सुलिन घेतच राहिला. पण त्याला जेवण देऊन रक्त तपासलं तेव्हा त्यात सी-पेप्टाइड होतं, आणि जेवणानंतर ते वाढत होतं.